निंबावर टांगलेल्या टाक्या

फोन कानाले नीट लाव वं प्रीती, आणि आज मधात ठेवू नको. अशी उंबऱ्यावरून बोलल्यासारखी काय बोलते? फोन करते, अर्धं बोलते आणि ठेवून देते. आजीले काही विचारायचं तर बूड टेकून विचारावं, चुलीवर दूध ठेवून आल्यासारखं नाही. परवा तू म्हटलं, "आजी, पातळ पत्रा जाड प्लेटले लावतानी भोकच पडते. दर वेळेस पडते. आईच्या हातात नव्हतं, माह्याही हातात नाही. शनिवारी आयटीआयतून नाव काढून टाकते." आणि ठेवला. मी इकडं हॅलो हॅलो करत राह्यली. तुझ्या वर्गात वेल्डिंगले तू एकटी पोरगी, हे मी इथं दहा जणींले सांगून बसली, आणि तू नाव काढाले निघाली.

नाव काढते त्याचं एवढं नाही. पण ते मधलं वाक्य मी परवापासून घोळवून राह्यली. आईच्या हातात नव्हतं.

इथं महागावात उन्हाळा लागला. माळ्यावरून कूलर उतरून राह्यले. लोक मागच्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्या रस्त्यावर आणून झटकतात. त्यातून वाळकं गवत पडते, मेलेली पाल पडते, एखाद्या कूलरमधून चिमणीचं अख्खं घरटं निघते. टाकीच्या तळाले गंज खाऊन गेला असते, मग ती टाकी डोक्यावर घेऊन माणूस माझ्या वेल्डिंगच्या शेडपुढं उभा राह्यते आणि टाकीच्या भोकातून त्याच्या कपाळावर ऊन पडते. आता प्लास्टिकचे कूलर आले, गिऱ्हाईक कमी झालं. पण नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटते, तो साऱ्या गल्लीत तसाच आहे. शेजारच्या पोरी त्या वासाले नाक वर करतात. मी तो वास आला की आत जाऊन बसते.

शेडपुढचा निंब फुलला आहे. ती बारीक पांढरी फुलं पडतात ना, ती तापल्या लोखंडी अँगलवर पडली की लगेच करपतात. गोड वास येता येता कडू होते. माझ्या नाकात उन्हाळा म्हणजे तो वास, आणि त्याच्यात मिसळलेला घासलेटचा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, ते सोपं आहे. बाकीचं मग ऐक.

रॉड बारा नंबरचा घे. दहा नंबरचा जाड रॉड पातळ पत्र्याजवळ नेऊच नको. करंट कमी ठेव. रंग, गंज घासून काढ. पत्रा प्लेटले असा दाबून बसव की मधात नखही जाऊ नये, कारण फट राहिली की भोक तिथंच पडते. आधी टाके घाल, एक इकडं, एक तिकडं, गोधडीले कच्चा दोरा घालतो तसे. मग रॉडचं तोंड जाड प्लेटकडं वळव. जाळ प्लेटवर पेटव, रस तिथंच होऊ दे, आणि तो रस पत्र्याच्या काठाले नुसता शिवून परत प्लेटवर ये. पत्र्यावर थांबायचं नाही. बोटभर चाललं की थांबायचं, दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, पहिला कोपरा निवू द्यायचा. मागून तांब्याची पट्टी टेकव, तांबं लोखंडाले चिकटत नाही आणि धग, म्हणजे ताव, ओढून घेते. तुझ्या आबाजीनं फुटक्या घंगाळाचा तुकडा ठोकून अशी पट्टी केली होती. आणि भोक पडलंच तर घाबरून त्यातच रॉड खुपसू नको, भोक आणखी तोंड उघडते. थंड होऊ दे. काठाकाठानं बुजव.

म्हणजे सारा ताव जाडानं खायचा, पातळाले फक्त शिवायचं. एवढंच आहे. यात हातात असणं नाही आणि नसणं नाही.

मग तू विचारशील, आजी, आईले हे सांगितलं नव्हतं का?

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिनं पहिल्याच दिवशी करून दाखवलं होतं.

त्या उन्हाळ्यात तू चार महिन्यांची. निंबाच्या फांदीले तुझी झोळी. तुझे आबाजी बाजेवर बसून असत, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. बिनकाचेनं टाके मारायची सवय होती त्यांले, तारुण्यात कोणाचं ऐकलं नाही. तुझा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये रोजानं जाई. शेडमध्ये मी एकटी. आणि मंगल कार्यालयाचे सोळा मोठे कूलर करायचे होते, अक्षय तृतीयेची लग्नं लागायच्या आत. मोठ्या कूलरची टाकी पत्र्याची, आणि तिच्या चार कोपऱ्यांत पायांसाठी जाड प्लेट. सोळा टाक्या, चौसष्ट कोपरे.

तुझी आई म्हणजे रेखा तेव्हा हातात काही नसलं की माझ्याजवळ येऊन उभी राही. एक दिवस म्हणे, "आत्याबाई, मी करून पाहू?"

मी म्हटलं, "पाह्य. बोट भाजलं तर रडू नको."

तिनं काच डोळ्यांपुढं धरली. बसली. आणि तो कोपरा असा उतरला प्रीती, की मी वरची जळकी खपली ठोकून काढली तर खाली एकसारखी शिवण. ताटावर शेवया वळून ठेवाव्या तशी. आबाजीनं विचारलं, झालं का? मी टाकी त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"कोणाचा हात हाय हा?"

"सुनेचा."

"माह्यापेक्षाही साजरा हाय."

मी चौदा वर्षं त्या माणसाच्या हाताखाली पत्रा धरला होता. त्याचे डोळे कमजोर झाल्यावर सात वर्षं रॉडचा होल्डर धरला होता. माझ्या कोणत्या शिवणीवरून त्यानं दुसऱ्यांदा बोट फिरवलं नव्हतं.

आमच्या शेडची एक रीत होती, ती तुले माहीत नसेल. टाकी झाली की बाहेरून शिवणीवर चुना फासायचा आणि आतून घासलेट सोडायचं. कुठं बारीक भोक असलं तर चुन्यावर काळा डाग उमटते. पक्क्या माणसाच्या टाकीले डाग आला तर तो बुजवायचा. शिकाऊ माणसाच्या टाकीले आला, तर ती टाकी बुजवायची नाही. तारेनं निंबाले टांगायची, महिनाभर. वारा आला की ती वाजते. येणारा-जाणारा विचारते, कोणाची वं ही? आणि जिची असेल तिनं स्वतः सांगायचं, माझी.

ही रीत आबाजीची. मी होल्डर धरला त्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या सात टाक्या टांगल्या होत्या. माझे वडील फुलसावंगीहून मले भेटाले आले, तेव्हा त्यांनी विचारलं, कोणाच्या ह्या? मले सांगावं लागलं. वडील 'बाप्पा!' म्हणत खाली बसले आणि चहा न पिता गेले.

तर रेखाची एकही टाकी टांगावी लागली नाही. पहिल्या तीन दिवसांत चार टाक्या झाल्या, चारही कोरड्या, चुना पांढराशुभ्र. बंजारा तांड्यावरची कमला धान्याची कोठी करून घ्याले आली. ती मले याडी म्हणे, त्यांच्या बोलीत आई. त्या दिवशी मले म्हणे, "याडी, माह्या कोठीले सूनबाईचा हात लागू दे. तुहा हात जाडा झाला आता."

हसून म्हटलं तिनं. मीही हसली. आबाजी बाजेवर हसले. तुझी आई लाजून आत गेली, आणि जातानी तुले झोळीतून उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी मशीनचं चाक फिरवलं.

तुमच्या वर्गात आता नव्या मशीना असतील, आकडे दिसणाऱ्या. आमची जुनी तेलाची, पेटीएवढी. वर एक चाक, ते फिरवलं की करंट कमी-जास्त. त्याचा काटा केव्हाच पुसला होता. मी आवाजावरून करंट लावत असे, जात्याच्या घरघरीवरून पीठ कळते तसं. मशीन मागं भिंतीजवळ, काम पुढं निंबाच्या सावलीत. आणि काच डोळ्यांपुढं धरली की माणूस आंधळा होते, हे तर तुले आता माहीत आहे. हिरव्या अंधारात एक थेंब रस दिसते, बाकी जग नाही. मागं कोण उभं आहे ते दिसत नाही.

दीड फेरा फिरवला मी. जास्त नाही.

फस्सकन भोक पडलं. रुपयाएवढं. रेखानं काच बाजूले केली. रॉडकडं पाहिलं, भोकाकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं पाहिलं. मशीनकडं नाही पाहिलं. बाई माणूस ना, काही बिघडलं की आधी स्वतःचाच हात उलटासुलटा करून पाहते. तेवढ्यात मी चाक जाग्यावर आणलं होतं. मी तिच्या हातातून होल्डर घेतला, पुढचा कोपरा घेतला आणि एका दमात साफ उतरवला.

"पाह्य," मी म्हटलं. "अशी."

मी किती मायेनं म्हटलं ते तुले ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं. पाठीवर हातही ठेवला होता.

आबाजी बाजेवरून म्हणाले, "करंट वाढला का वं? मशीन जास्त घुमून राह्यली."

मी म्हटलं, "डोळे गेले ते गेले, आता कानही गेले काय तुमचे?"

त्यांनी तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला आणि भिंतीकडं तोंड केलं. परत त्यांनी विचारलं नाही.

मग मी रोज फिरवलं. रोज नाही, ते खोटं होईल. एक दिवस फिरवी, एक दिवस सोडी. एक टाकी चांगली उतरू दिली की रेखाचं तोंड उजळे, संध्याकाळच्या भाकरी ती गुणगुणत थापे, आणि मी दुसऱ्या दिवसाची वाट पाही. सारखं भोक पडलं असतं तर तिले संशय आला असता. मधूनच पडे म्हणून तिले वाटलं, दोष आपला. हे मले कोणी शिकवलं नव्हतं. आपोआप सुचत गेलं.

पहिली टाकी मीच टांगली. म्हटलं, "रीत आहे बाई, मले काय हौस?" दहा-अकरा दिवसांत नऊ झाल्या. समोरचा चहावाला भाऊराव रस्त्यातूनच ओरडे, "काकू, सूनबाईनं चाळण्यांचं दुकान टाकलं का? आमच्या बायकोले एक द्या, पीठ चाळाले!" बाकडावरचे सारे हसत. सगळ्यांत मोठ्यानं मी. रेखा तुले पाजत होती, पाठ फिरवून. तिचा पदर हालला नाही, पण तू एकदम प्यायची थांबली आणि रडाले लागली. लेकराले कळते.

दुपारी झाव, म्हणजे गरम वारा, सुटली की त्या नऊ टाक्या एकमेकींवर आपटत. तू दचकून उठे. मग तुझी आई काय करे माहीत आहे? निंबाखाली जाऊन दोन्ही हातांनी टाक्या धरून उभी राही. पत्रा तापला असते, तळवे भाजत असतील. एका हातात तीन, दुसऱ्या हातात तीन, एखादीले कोपर लावून. तू झोपेपर्यंत. मी दारातून पाही. पदरानं वारा घेत पाही.

एकदा कमला आली, तिनं विचारलं, "ह्या कोणाच्या वं?"

टाक्या धरल्या हातानंच रेखा म्हणाली, "माह्या."

मले एक गोष्ट सांगावी लागते, ती मी आजवर देवापुढंही बोलली नाही. मले तेव्हा वाईट वाटत नव्हतं. मले बरं वाटत होतं. जेवण गोड लागे. झोप लागे. आपल्या बायका म्हणतात ना, सासू झाली की सुनेचे दिवस विसरते. मी काही विसरली नव्हती. मले सातही टाक्या आठवत होत्या, माझ्या बापाचं खाली बसणंही आठवत होतं. ज्यानं मले टांगलं त्याले मी काही करू शकली नाही. जिनं मले काहीच केलं नव्हतं तिले टांगलं. ती हाताशी होती म्हणून.

आता त्याच्याही पुढचं ऐक.

अक्षय तृतीया जवळ आली. कार्यालयाचा माणूस तगादा लावू लागला. टांगलेल्या सोडल्या तर सोळातल्या चांगल्या नऊच झाल्या होत्या, सात टाक्या अजून बाकी होत्या. माझ्या एकटीच्यानं उरकणार नव्हत्या, म्हणून मी ठरवलं, पुरे आता. चाक बरोबर जाग्यावर लावलं, कान देऊन लावलं, आणि रेखाले म्हटलं, "चल बाई, दोघी मिळून उडवू."

तिनं काच धरली. आणि भोक पडलं.

मी मशीनकडं पाहिलं. आवाज बरोबर होता. मी चाकाले हात लावला नव्हता. दुसरा कोपरा. भोक. रॉड पत्र्याजवळ आला की तिचं मनगट थरथरे, आणि थरथरलं की रॉड पत्र्यावरच थांबे. भोक पडायच्या आधीच तिचे खांदे वर जात, जसं कोणी मागून ओरडणार आहे. मी म्हटलं, "प्लेटवर ठेव, प्लेटवर." ती म्हणे, "हाव आत्याबाई," आणि पत्र्यावर ठेवे. माझं काम आता तिचं तीच करून राह्यली होती. मले चाक फिरवायची गरज उरली नव्हती.

सांगून टाकायले तेवढा एक क्षण होता. दोन शब्द लागले असते.

तिनं होल्डर हळूच प्लेटवर ठेवला, तुले झोळीत ठेवे तसा. हातमोजे काढले, घडी घातली. म्हणाली, "आत्याबाई, माह्या हातात नाही हे."

मी म्हटलं, "हाव. सगळ्यांच्याच हातात नसते."

झालं.

पाऊस लागायच्या आधी तुझ्या बापाले नेरच्या जिनिंगात कायम काम मिळालं, बिऱ्हाड हललं. तिथं तिनं ब्लाउज शिवायची मशीन घेतली. नेरमध्ये तिच्या शिवणीचं नाव आहे, मी ऐकते. दिवाळीले येते, पाया पडते, माझ्यासाठी लुगडं आणते, स्वयंपाक करते, साऱ्यांले वाढून मग जेवते. सतरा वर्षांत तिनं शेडमध्ये पाय ठेवला नाही. मी मशीन सुरू केली की ती आतल्या खोलीत जाऊन भांडी घासते, घासलेली पुन्हा घासते. मी समजत आली की आवाजाचा त्रास होत असेल.

आबाजी गेले त्याच्या आदल्या महिन्यात मी त्यांले पाणी पाजत होती. वाटी ओठाले लावली तशी त्यांनी ती हातानं दूर केली आणि म्हणाले, "त्या पोरीचा हात साजरा होता." आंधळ्या डोळ्यांनी नेमके माझ्याकडं पाहत म्हणाले. त्यांले सारं माहीत होतं. कान शाबूत होते त्यांचे. मग ते का बोलले नाहीत? वाटी परत तोंडाले लावली, ते प्याले.

लोक म्हणतात, म्हातारपणी केलेलं आठवते आणि डोळ्यांले पाणी येते. मले पाणी येत नाही. उलट, कधी कधी तो फस्सकन आवाज आठवते, आणि आत कुठंतरी, मी नाही म्हटलं तरी, थोडं बरं वाटते. अजून. साठी उलटली तरी. त्याचीच भीती वाटते मले. त्या घरात जाड मी होती वं. ताव मी खायचा होता. मी तो सारा तिच्या काठावर उभा केला आणि भोक पडलं की तिलेच टांगलं. आणि ते भोक आता तुझ्यापर्यंत आलं. तू जन्मात आईले वेल्डिंग करतानी पाहिलं नाही, तरी तिचा न केलेला गुन्हा तू आपल्या हातात घेऊन फिरून राह्यली. हे नसतं झालं तर मी हे सांगितलंही नसतं. खरं तेच सांगते. तोंड मिटून मेली असती.

आता नाव काढायचं असलं तर काढ. उन्हाचा कंटाळा आला म्हणून काढ, पोट्ट्यांच्या टोमण्यांचा वैताग आला म्हणून काढ, शिवणकामच आवडते म्हणून काढ. पण हातात नाही म्हणून काढू नको. तुझ्या आईच्या हातात होतं. मी पाहिलं आहे. आणि पुढच्या वेळेस भोक पडलं की हात उलटासुलटा करू नको. काच खाली ठेव आणि आधी मशीनजवळ कोण उभं आहे ते पाह्य.

तुझ्या आईले मी हे अजून सांगितलं नाही. तूही सांगू नको. फोनवर सांगितलं तर ती म्हणेल, "असू द्या आत्याबाई, जुनं झालं," आणि मी सुटून जाईन. मले तसं सुटायचं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहत ऐकलं पाहिजे, मग तिले काय म्हणायचं ते म्हणू दे. शिव्या घालू दे. ताट लोटून देऊ दे. ऐकून काहीच न बोलता भांडी घासाले जाऊ दे, ते मले सगळ्यांत जड जाईल, पण जाऊ दे.

नेरहून सकाळची यष्टी धरा, यवतमाळले बदला, दुपारच्या आत इथं याल. खायले काही आणू नका, लुगडं तर मुळीच आणू नको म्हणावं तिले. ती यायले नाही म्हणाली तर भांडून आण. माझं ऐकून दारातूनच परत फिरली तरी चालते, तेवढं तरी तिनं मले करावं. शनिवारच्या आधी या बाई, दोघीही या.